पडद्यावरची ओळ आधी वाचा

जळगावचा मे महिना संगणकाला मानवत नाही. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आमच्या प्रयोगशाळेच्या खिडक्या पश्चिमेला आहेत, आणि कूलरची हवा दाराजवळच्या दोन रांगांपलीकडे पोचत नाही. दुपारच्या तुकडीला एकेक यंत्र आधी रेंगाळतं आणि मग आपोआप बंद पडतं. पूर्वी असं झालं की आम्ही सरसकट ‘पॉवर सप्लाय गेला’ म्हणायचो, यंत्र रिक्षात घालून गोलाणी मार्केटला न्यायचो आणि दुकानदार सांगेल ती रक्कम मोजून परत आणायचो.

लिनक्स घातलेलं एक यंत्र असंच रेंगाळायला लागलं तेव्हा बंद पडायच्या आत त्यावर डीमेसेज ही कमांड चालवून पाहिली. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, यंत्र सुरू झाल्यापासून काय काय घडलं ते एकाखाली एक लिहीत असतो. ही कमांड ते सगळं पडद्यावर आणते. त्यात एकच ओळ पुन्हा पुन्हा आली होती: प्रोसेसरचं तापमान मर्यादेबाहेर गेलं, वेग कमी केला. झाकण उघडलं तर पंख्याच्या पात्यांवर धुळीचा जाड थर आणि प्रोसेसरवरची पेस्ट वाळून तिचे खवले झालेले. ब्रश, ब्लोअर आणि पेस्टची एक ट्यूब. रिक्षाभाड्यापेक्षा स्वस्त काम.

मी जळगावातल्याच मेहरूणची. सकाळी तिथल्या तलावाच्या कडेने स्कूटीवर शहरातल्या एका महाविद्यालयात जाते. आधी प्रयोगशाळा सहायक होते, आता कागदोपत्री सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे, म्हणजे काम तेच आणि बोलणी जास्त. या नोकरीत जे काही शिकले त्यातलं बरंचसं असं यंत्रानेच लिहून ठेवलेलं वाचून शिकले.

आमच्याकडे लिनक्स आलं त्यामागे तत्त्वबित्त्व काही नव्हतं. मुलं पेनड्राइव्हवर गाणी आणि प्रोजेक्ट एकत्र घेऊन यायची, त्याबरोबर व्हायरस यायचे, आणि आमचा अर्धा आठवडा यंत्रं फॉरमॅट करण्यात जायचा. शिवाय अभ्यासक्रमात लिनक्सचा पेपर होता आणि तो फळ्यावर शिकवला जात होता! फळ्यावर कमांड लिहायची, तिच्याखाली तिचं उत्तरही खडूनेच लिहायचं. शेवटी खिडकीकडची एक रांग लिनक्सला दिली. उबंटू या लिनक्सच्या एका प्रकाराची सीडी त्या काळी पोस्टाने फुकट यायची. पत्ता नोंदवायचा आणि वाट पाहायची. ही सोय २०११ पर्यंत होती. आमच्याकडे आली ती ८.०४, म्हणजे २००८ सालच्या एप्रिलमधली. या मंडळींच्या आवृत्तीच्या आकड्यातच वर्ष आणि महिना असतो. दिल्लीहून निघणारं ‘लिनक्स फॉर यू’ हे २००३ साली सुरू झालेलं मासिक होतं, त्याबरोबरही सीडी यायची. इंटरनेट इतकं हळू होतं की सीडी ही चैन नव्हती, गरज होती.

इतिहास मुलांना मी थोडक्यात सांगते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला: सगळ्यांना वापरता, उघडून पाहता, बदलता आणि पुढे देता येईल अशी प्रणाली. हत्यारं तयार झाली, गाभा रखडला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतला लिनस टोरवाल्ड्स नावाचा विद्यार्थी म्हणाला की मी छंद म्हणून एक लहानशी ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय. पुढच्याच वर्षी त्याने ती, म्हणजे लिनक्स, ग्नूच्या परवान्याखाली आणली आणि दोन्हींची सांगड बसली. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो, आणि अँड्रॉइड फोनच्या तळाशीही तोच गाभा आहे, हे सांगितलं की मुलं आपापला मोबाइल खिशातून काढून पाहतात. बाहेरून काहीच दिसत नाही, तरी पाहतात.

मुलं येतात ती एमएससीआयटी करून. २००१ पासून या कोर्सने महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यांत संगणक पोचवला, त्याबद्दल मला आदरच आहे. माझी पहिली ओळखही तिथलीच. पण त्यातून एक सवय लागते. संगणक म्हणजे ठरावीक चित्रं ठरावीक जागी. चित्र हललं की ज्ञान संपलं. पडद्यावर एखादी चौकट आली, तर ती वाचण्याऐवजी ओके दाबून घालवायची असते, असं पोरांच्या बोटांना वळणच पडलेलं असतं.

कमांड लिहायचा काळा पडदा, म्हणजे टर्मिनल, ती सवय मोडतो, कारण तिथे दाबायला ओके नसतं.

याचा पहिला धडा वीज मंडळाने दिला. त्या वर्षांत लोडशेडिंग जोरात होतं. इन्व्हर्टर होता, पण त्याच्या बॅटऱ्या परीक्षेसाठी राखलेल्या. तास रंगात आला की वीज जायची आणि अख्खी प्रयोगशाळा एका क्षणात काळी. परत आल्यावर बहुतेक यंत्रं उठायची, एखादं उठता उठता अडायचं. चित्र नाही, माउस नाही. कंसात इनिटरॅमएफएस असा एक विचित्र शब्द आणि त्याच्यापुढे लुकलुकणारा कर्सर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सगळ्यांचं एकमत झालं की हार्ड डिस्क गेली. शिपाईकाका स्क्रूड्रायव्हर घेऊनच आले. कर्सरच्या वर काय लिहिलंय ते मात्र कोणी वाचलं नव्हतं. तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की अमुक पार्टिशनवर अनपेक्षित विसंगती आहे, एफएसचेक हाताने चालवा. म्हणजे रोग, जागा आणि औषध, तिन्ही. एफएसचेक, स्पेस, डॅश वाय, स्पेस, आणि वर दिलेलं पार्टिशनचं नाव. डॅश वाय म्हणजे ‘वाटेत जे विचारशील त्याला माझं हो’. बऱ्याच ओळी धावल्या, मग एक्झिट लिहिलं आणि यंत्र उठलं. काकांनी स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला, जरा नाराजीनेच.

हे का होतं ते समजायला मला डाळ मिलमधले मुनीम उपयोगी पडले. व्यवहार झाला की ते आधी कीर्दीत नोंद करतात आणि खतावणी मागाहून सावकाश पुरी करतात. मध्येच गादी बंद करायची वेळ आली तरी दुसऱ्या दिवशी कीर्द उघडून राहिलेलं खातं भरता येतं. लिनक्समध्ये २००१ साली आलेल्या ईएक्सटी-थ्री आणि नंतरच्या ईएक्सटी-फोर या फाइलव्यवस्था हेच करतात. डिस्कवर कोणता बदल करायचा ते आधी जर्नलमध्ये लिहायचं, मग मूळ जागी. वीज मध्येच गेली तर पुढच्या वेळी सुरू होताना जर्नल वाचून अर्धवट काम पुरं केलं जातं. मात्र नेहमीच्या मांडणीत जर्नलमध्ये नोंद असते ती रचनेची: कोणती फाइल कुठे आहे, केवढी आहे. आतला मजकूर त्यात नसतो. त्यामुळे यंत्र उठतं, पण मुलाने वीज जाण्याच्या क्षणभर आधी सेव्ह केलेला प्रोग्राम गेलेला असू शकतो आणि तो माझ्याकडे तक्रार घेऊन येतो. डिस्कच मुळात खराब झाली असेल तर जर्नलही पुरत नाही. मग हाताने तपासणी.

त्यानंतर मी वर्गात एक नियम केला. अडलं तर मला हाक मारायच्या आधी पडद्यावरची शेवटची ओळ मोठ्याने वाचायची. मनात नाही, मोठ्याने. पहिल्या सत्रात रोजच्या अडचणींपैकी बहुतेक तीन ओळींत बसतात. कमांड नॉट फाउंड: स्पेलिंग चुकलं किंवा तो प्रोग्राम बसवलेलाच नाही. नो सच फाइल ऑर डिरेक्टरी: तू उभा आहेस तिथे ती फाइल नाही, आधी पीडब्ल्यूडी लिहून कुठे आहेस ते बघ. (बांधकाम खात्याशी संबंध नाही. ही कमांड विचारल्याबरोबर उत्तर देते.) परमिशन डिनाइड: फाइल आहे, तुला हक्क नाही. हे तीन वेगळे आजार आहेत, आणि वाचल्याशिवाय तिन्हींचं दुखणं एकच वाटतं: ‘मॅडम, चालत नाहीये.’

आसोदा, भादली, नशिराबादहून येणारी मुलं मराठी माध्यमातली. मोठ्याने वाचायला लाजायची, कारण उच्चार चुकले तर मागचे हसणार. पण काही दिवसांत त्यांच्या लक्षात येतं की ग्रेप, ऑक, सीएचमॉड ही कमांडची नावं कॉन्व्हेंटच्या पोरांनाही आधी ठाऊक नव्हती. इथे सगळेच शून्यावर. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचा आम्हाला मोठा हातभार लागला. दहाएक मिनिटांचे धडे, पडदा इंग्रजी पण समजावणारा आवाज मराठी. साध्या कमांड, फाइलव्यवस्था, ग्रेप, प्रोसेस, प्रशासनाची तोंडओळख, सगळं. पद्धत अशी की व्हिडिओ थोडा ऐकायचा, थांबवायचा, शेजारी टर्मिनल उघडून तेच करायचं. एकदा उतरवून घेतले की धड्यांना इंटरनेट लागत नाही. नुसते बघत बसणाऱ्या मुलांना त्याचा काही फायदा झालेला मी पाहिला नाही. जी मध्ये मध्ये थांबवून करून बघायची, ती एका सत्रात पुढे निघून गेली.

या सगळ्याचा खरा फायदा मला प्रयोगशाळेबाहेर कळला. यावल तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही जुनी यंत्रं लिनक्स घालून दिली होती. तिथल्या गुरुजींचा रविवारी फोन आला.

‘मॅडम, पासवर्ड घेतो आणि परत पासवर्डच विचारतो. आत जातच नाही.’

‘सर, कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-थ्री एकदम दाबा. काळं झालं?’

‘झालं. लॉगिन म्हणतोय.’

‘नाव टाका, पासवर्ड टाका. पासवर्डची अक्षरं दिसणार नाहीत, तरी टाकत राहा. आता लिहा: डी, एफ, स्पेस, डॅश, एच.’

‘दोघांच्या मध्ये स्पेस?’

‘एफ आणि डॅशच्या मध्ये. डॅश आणि एच चिकटून. आता ज्या ओळीच्या शेवटी नुसता स्लॅश आहे ती वाचा.’

गुरुजींनी आकडे वाचले. वापर १०० टक्के, शिल्लक शून्य. डिस्क काठोकाठ भरली की चित्राच्या पडद्याला स्वतःच्या बारीकसारीक फाइली लिहायलाही जागा उरत नाही, म्हणून तो आत घेत नाही. मग डीयू या कमांडने कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते काढलं. गॅदरिंगचे व्हिडिओ निघाले, मागच्या अनेक वर्षांचे, आणि तेच दोन-तीन फोल्डरांत पुन्हा पुन्हा. एलएसने नावं वाचून घेतली, कोणती ठेवायची ते त्यांनी ठरवलं, बाकीची आरएमने काढली. आरएमला कचरापेटी नसते, गेलं ते गेलं, म्हणून प्रत्येक नाव मी दोनदा वाचून घेतलं. मी मेहरूणला स्वयंपाकघरात होते, ते यावलकडच्या गावात होते, आणि माझ्यासमोर त्यांचा पडदा नव्हता.

हेच काम माउसने फोनवर सांगून बघा. ‘वर डाव्या कोपऱ्यात चाकासारखं काहीतरी आहे का? नाही? मग उजवीकडे बघा.’ चित्र सांगता येत नाही, ओळ सांगता येते. ओळ वहीत उतरवता येते, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येते, पुढच्या वर्षी जशीच्या तशी पुन्हा वापरता येते. जिथे शेजारी जाणकार बसलेला नाही अशा गावांसाठी टर्मिनल जास्त सोपं आहे, असं माझं मत पडलंय. पुण्यातल्या लोकांना ते उलटं वाटतं, कारण त्यांच्या शेजारी जाणकार असतो.

परवानग्यांचा भाग मात्र तांत्रिक कमी आणि कार्यालयीन जास्त आहे. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला तीन प्रकारची माणसं माहीत असतात: मालक, गट आणि बाकीचे. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १, बेरीज करायची. अंतर्गत गुणांची फाइल असेल तर गुण भरणाऱ्याला वाचायला-लिहायला ६, विभागातल्या शिक्षकांच्या गटाला नुसतं वाचायला ४, बाकीच्यांना ०. म्हणजे ६४०. एवढं गणित चौथीतल्या मुलालाही जमेल. अवघड आहे तो आकडा टिकवणं. कुणाला तरी फाइल उघडत नाही, तो घाईत असतो, आणि म्हणतो, ‘मॅडम, सगळ्यांना सगळं खुलं करून टाका ना.’ तो ७७७, आणि परवानगी बदलणारी कमांड सीएचमॉड. माझ्या मते सीएचमॉड ७७७ ही आपल्या कार्यालयांतली सगळ्यात लाडकी कमांड आहे, आणि जिने कटकट आज संपते आणि परीक्षेच्या आठवड्यात परत येते, तीही हीच.

रूटच्या पासवर्डचंही तसंच. रूट म्हणजे सर्वाधिकारी. त्याला यंत्र काहीच नाकारत नाही. आता वरच्या माणसाने पासवर्ड मागितला तर खालच्या बाईने नाही कसं म्हणायचं? आणि दिला की तो दुसऱ्या दिवशी दोघांना आणि आठवड्याने भिंतीवरच्या कागदाला कळलेला असतो. सुडो या कमांडने हा पेच सोडवला. ज्याला अधिकार हवा त्याला तो त्याच्या स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पासवर्डवर मिळतो आणि कोणी, कधी, कोणती कमांड दिली याची नोंद राहते. अधिकार द्यायला माझी ना नव्हतीच. नोंद राहते म्हटल्यावर मागणारेच कमी झाले.

आता भाषेकडे येते, कारण मराठी कार्यालयात लिनक्स चालवताना खरी दमछाक तिथे होते. कमांड शिकणं सोपं होतं. जुनी पत्रं उघडणं महाकठीण. आपली सगळी पत्रव्यवहाराची दुनिया वर्षानुवर्षं श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप झाली. त्यात मराठी अक्षर असं काही साठवलेलंच नाही. साठवलेल्या आहेत त्या इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या खुणा, आणि फॉन्ट त्यांना मराठी मुखवटा घालतो. दुसऱ्या यंत्रावर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो आणि कुलसचिवांना लिहिलेलं पत्र आकडे-कंस-चिन्हांचा चिवडा होतं. दोष लिनक्सला मिळतो. युनिकोडने हे संपवलं; रेड हॅटने मुक्त केलेला लोहित देवनागरी फॉन्ट आणि इन्स्क्रिप्ट कीबोर्ड यांवर आता सगळं चालतं. पण जुन्या कपाटांतली पत्रं अजून तशीच आहेत.

युनिकोड काय करतं ते दाखवायला मी मुलांना आमच्या गावाचं नाव टाइप करायला सांगते. मेहरूण. किती अक्षरं? मे, ह, रू, ण: चार. मग ते नाव एको डॅश एन या कमांडने, शेवटची नवी ओळ न जोडता, डब्ल्यूसीला मोजायला द्यायचं. डब्ल्यूसी डॅश एम सांगते ६, कारण मात्रा आणि उकार ही तिच्या लेखी स्वतंत्र चिन्हं. डब्ल्यूसी डॅश सी सांगते १८, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह डिस्कवर तीन बाइट घेतं. एकच नाव, तीन उत्तरं, तिन्ही बरोबर. एखाद्या अर्जात नावासाठी ठरावीक बाइटांचा रकाना ठेवला की मराठी नाव मध्येच का तुटतं, ते यानंतर समजावून सांगावं लागत नाही. टर्मिनलमध्ये देवनागरी अजूनही नीट दिसत नाही, तेही सांगायला हवं. टर्मिनल प्रत्येक चिन्हाला एकसारखा चौकोन देऊ पाहतं आणि आपल्या वेलांट्या चौकोनात राहायला तयार नसतात. चित्राशिवायच्या निव्वळ काळ्या पडद्यावर तर देवनागरीच्या जागी ठोकळेच येतात. तिथल्या फॉन्टला जास्तीत जास्त ५१२ आकार ठेवता येतात आणि जोडाक्षरं जुळवणं त्याला येत नाही. मेनू मराठीत ठेवा, ग्नोम या डेस्कटॉपचा मराठी अनुवाद चांगला आहे. पण बिघाड शोधताना कमांडच्या आधी लँग बरोबर सी असं लिहून संदेश इंग्रजीत घ्यावा, असं मी सांगते. मराठी संदेश शोधला तर आधी त्यात अडकलेला माणूस सापडत नाही. हे मला आवडत नाही, पण तसं आहे.

नोंदी वाचण्याची गोडी मुलांना लागते ती बाहेरच्या जगाला उघड्या असलेल्या सर्व्हरवर. आमचा एक लहानसा सर्व्हर होता. त्याची लॉगिनच्या नोंदींची फाइल उघडली की दिवसरात्र कोणीतरी दार ठोठावतंय असं दिसायचं: रूट नावाने चुकीचा पासवर्ड, अ‍ॅडमिन नावाने चुकीचा पासवर्ड, टेस्ट नावाने चुकीचा पासवर्ड. कोण कुठून ठोठावतंय ते काढायला पाइप वापरायचा, म्हणजे एका कमांडचं उत्तर थेट दुसरीला द्यायचं. ग्रेपने ‘फेल्ड पासवर्ड’ असलेल्या ओळी वेचायच्या, त्या ऑककडे ढकलून पत्त्याचा रकाना घ्यायचा, तो सॉर्टकडे, सॉर्टकडून युनिक डॅश सीकडे मोजायला, आणि मोजलेलं पुन्हा सॉर्टकडे, मोठा आकडा वर. मधला सॉर्ट का, तर युनिकला फक्त लागून असलेल्या सारख्या ओळी कळतात. लांबच्या कळत नाहीत. वर्गातली एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, पत्त्याच्या जागी काही ठिकाणी नावं आलीत.’ बरोबर होतं. ज्या नावाचा वापरकर्ताच अस्तित्वात नाही त्या ओळीत ‘इनव्हॅलिड युजर’ हे दोन शब्द जास्त असतात, आणि रकाना दोन घरं सरकतो. तिने ओळी शेजारी शेजारी ठेवून ते स्वतः शोधलं. पाइपची कल्पना बेल लॅब्जच्या डग मॅकिलरॉय यांची, आणि १९७३ साली केन थॉम्पसन यांनी ती युनिक्समध्ये उतरवली. अर्धशतक जुनी रीत, अजून एका ओळीत काम करते. त्या सर्व्हरवर नंतर आम्ही पासवर्डने प्रवेशच बंद केला आणि चावीच्या फाइलने सुरू ठेवला. ठोठावणारे येतात, पण आता दाराला कडीच बाहेरून नाही.

फुकटची दुसरी बाजूही पाहिली. त्या सर्व्हरवर सेंटओएस हे फुकटचं लिनक्स होतं. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की सेंटओएस ८चा आधार ठरल्यापेक्षा कितीतरी आधी, २०२१ संपताना, बंद होणार. देशोदेशीच्या अ‍ॅडमिनांनी आरडाओरडा केला, त्याच्या जागी अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले. आम्ही डेबियन या दुसऱ्या लिनक्सवर गेलो. सांगायचं एवढंच की मुक्त प्रणालीतही निर्णय कोणीतरी घेत असतं. फरक हा की मूळ मजकूर उघडा असल्याने दुसऱ्याला तिथून पुढे चालू लागता येतं.

परीक्षेत मात्र अजून कागदावर कमांड लिहायला लावतात, पर्यायांसकट, पाठ करून. मॅन लिहिलं की यंत्र स्वतः पूर्ण माहिती उलगडून देतं, आणि आम्ही मुलांना तीच माहिती घोकायला लावतो. त्याऐवजी एक बिघडलेलं यंत्र समोर ठेवावं आणि दुरुस्त कर म्हणावं. अर्थात तीस यंत्रं तीस प्रकारे बिघडवून ठेवायचं काम माझ्याकडेच येईल, म्हणून हे मी फार मोठ्याने बोलत नाही.

दोन वर्षांपूर्वी रावेरकडचा एक मुलगा होता, घरी केळीची शेती. थंडीत सगळ्या वर्गाला मी मेहरूणची बोरं द्यायची आणि तो मला केळी आणायचा, असा आमचा व्यवहार. त्याने प्रकल्पासाठी वडिलांच्या पावत्या घेतल्या. एका ओळीत तारीख, त्या दिवशीचा क्विंटलचा जाहीर भाव आणि व्यापाऱ्याने प्रत्यक्ष दिलेला भाव, मध्ये स्वल्पविराम. ऑकने फरकाची सरासरी काढली. उत्तर आलं शून्य.

त्याला आनंद झाला नाही, संशय आला. त्याने फाइल उघडून वाचली. आकडे मराठी कीबोर्डने टाइप केले होते. ऑकला देवनागरी आकडे म्हणजे आकडे वाटतच नाहीत. शून्य वजा शून्य करून तो मोकळा झाला होता. टीआर ही एका अक्षराच्या जागी दुसरं घालणारी कमांड, म्हणून ती वापरली तर फाइलीत कचरा झाला, कारण ती एकेक बाइट बदलते आणि आपला एक अंक तीन बाइटांचा. सेड या कमांडमधली वाय ही रीत अख्खं अक्षर ओळखते. तिच्यात दहा देवनागरी अंक आणि त्यांच्यापुढे दहा इंग्रजी अंक लिहिले, आणि मग ऑकला खरे आकडे मिळाले. सरासरी निघाली, महिन्यागणिक निघाली, आणि माल जास्त येतो त्या महिन्यांत फरक वाढतो हेही निघालं.

कागद छापून त्याने घरी नेला. वडिलांनी चष्मा लावून तो पाहिला आणि म्हणाले, ‘हे मले ठावूक व्हतं रे. कितीचं ते ठावूक नव्हतं.’ त्याला प्रकल्पात चांगले गुण पडले. आता गल्लीतले आणखी दोघं-तिघं शेतकरी पावत्यांचे गठ्ठे घेऊन त्याच्या दारी येतात, आणि पुण्यातल्या नोकरीतून सुट्टीवर आलेला हा मुलगा मला फोन करून विचारतो की कागदावरचे मराठी आकडे थेट वाचून घेणारं फुकटचं काही आहे का.